‘ट्रिम’ला मराठीत काय म्हणायचं? आणि जागा कोरी की रिकामी?

ठाण्याच्या पाचपाखाडीतली एक डिझायनर मैत्रीण बचत गटातल्या बायकांना फोटोशॉप हे चित्रांचं सॉफ्टवेअर शिकवते. पापड-लोणच्यांची लेबलं त्यांना घरीच करता यावीत म्हणून ती मराठीत टिपण लिहितेय. तिने विचारलं, “क्रॉपला, म्हणजे चित्राचा हवा तेवढाच भाग कापून ठेवण्याला, मी ‘कातरणे’ लिहिलंय. मग ट्रिमला, म्हणजे चित्राभोवती उगाच उरलेली जागा काढून टाकण्याला, काय लिहू? ‘छाटणे’ लिहिलं तर आई म्हणाली, झाड आहे का ते? आणि चित्राभोवतीची एम्प्टी स्पेस म्हणजे रिकामी जागा, कोरी जागा की मोकळी जागा?”

आईचा कान तयार आहे. छाटतात ती फांदी, म्हणजे जिवंत, वाढलेली गोष्ट. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी होते, ती वेलीची. चित्राभोवती उगाच पसरलेल्या जागेत छाटण्यासारखं काही वाढलेलंच नसतं.

‘कातरणे’ क्रॉपला मात्र छान बसतं. कात्री आपल्या हातात असते, कुठून कापायचं ते आपण ठरवतो, आणि हवं तर चित्राचा चांगला भागही कापून टाकतो. गंमत अशी की शिंप्याच्या पायाशी पडलेली कातरणं टाकायची असतात आणि वर्तमानपत्रातलं कात्रण जपून ठेवायचं असतं. क्रॉप हे दुसऱ्या जातीचं. ‘बेतणे’ हा जुना शब्दही चालला असता, मापाने कापड कापणे या अर्थाचा, पण आता ‘बेत’ म्हटला की श्रीखंड-पुरीच आठवते.

ट्रिममध्ये कात्री आपल्या हातात नसते. इमेज मेनूतून ट्रिम निवडलं की सॉफ्टवेअर चारही बाजूंनी आत येत जातं आणि चित्राचा पहिला ठिपका (पिक्सेल) लागला की थांबतं. अंथरूण पाहून पाय पसरण्याच्या अगदी उलट, पाय पाहून अंथरूण कापायचं. म्हणून मला ‘सोलणे’ जवळचं वाटतं. लसूण सोलताना आपण माप घेत नाही. पाकळी लागली की बोटं आपोआप थांबतात.

“मग सरळ ‘कडा काढणे’ का नको?” असं तिने मध्येच विचारलं. नकोच. मराठीत रांगोळी काढतात, चित्र काढतात आणि डाग पण काढतात. चित्रं काढायच्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘कडा काढा’ असं लिहिलं तर निम्म्या बायका लेबलाला छान वेलबुट्टीची कड काढून आणतील, आणि चूक त्यांची नसेल. लिहायचंच असेल तर ‘काढून टाका’ असं पूर्ण लिहावं.

आता जागेबद्दल. खरी अडचण इथे आहे, आणि मराठी इथेच कामाला येते.

‘मोकळी’ बाद. त्या शब्दात सुख आहे. तलावपाळीला तळ्याकाठी मोकळं वाटतं, केस मोकळे सोडतात. ठाण्यात मोकळी जागा दिसली की तिथे टॉवरचा बोर्ड लागतो हे खरं, पण तो दोष शब्दाचा नाही.

उरले ‘कोरी’ आणि ‘रिकामी’. ज्याला अजून काही लागलेलं नाही ते कोरं: न धुतलेलं कापड कोरं, बिनदुधाचा चहा कोरा, न लिहिलेला कागद कोरा. पण कागद आहे, चहा आहे! ज्यात काहीच नाही ते रिकामं. ठाण्याहून सुटणारी लोकल नशीब असेल तर रिकामी मिळते, कोरी कधीच मिळत नाही.

फोटोशॉपला नेमका हाच फरक कळतो. लेबलाभोवती पांढरं असेल तर आपल्या डोळ्यांना तिथे काही नसतं, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे पांढरा रंग आहे. ती जागा कोरी. खाली काहीच नसेल, तर बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-पांढरे चौकोन दिसतात. ती जागा रिकामी, म्हणजे पारदर्शक. ट्रिमची खिडकी उघडली की पहिला प्रश्न हाच असतो: पारदर्शक ठिपके काढून टाकायचे, की कोपऱ्यातल्या ठिपक्याच्या रंगाचं सगळं? इंग्रजी ‘एम्प्टी’च्या भरवशावर राहणारा माणूस पांढऱ्या कागदाला पारदर्शक समजतो आणि ‘हे चालत नाही’ म्हणून वैतागतो.

कोऱ्याची आणखी एक खोड आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोतला पांढरा कागद एकसारखा पांढरा नसतोच. कुठे सावली, कुठे पिवळसर झाक. कोपऱ्याचा रंग शेजारच्या ठिपक्याशी तंतोतंत जुळला नाही की ट्रिम तिथेच अडतं. कोपऱ्यात चुकून ब्रशचा एक ठिपका पडला तरी तेच, डाळीतल्या खड्यासारखं. अशा वेळी कात्रीच हातात घ्यावी, म्हणजे क्रॉप करावं.

समासाचंही लक्षात ठेव. वहीत मुद्दाम सोडतो तो समास आणि चुकून उरलेली कोरी जागा यांतला फरक मराठीला कळतो, ट्रिमला कळत नाही. ते समासही सोलून टाकतं.

नौपाड्यातल्या फ्लेक्सच्या दुकानात कोणी ‘सोलून दे’ म्हणणार नाही, तिथे ‘क्रॉप मार’, ‘ट्रिम मार’ हेच चालतं, आणि बचत गटातल्या बायकांना उद्या त्याच दुकानात जायचंय. म्हणून टिपणात शब्द ‘ट्रिम’च ठेव आणि त्याखाली हे लिही:

“ट्रिम म्हणजे चित्र लागेपर्यंत चारही बाजूंनी सोलणे. आधी बघा, भोवतीची जागा कोरी आहे की रिकामी. चौकोन दिसले तर रिकामी, मग पहिला पर्याय. पांढरं दिसलं तर कोरी, मग वरच्या डाव्या कोपऱ्याच्या रंगाचा पर्याय.”

आईला वाचून दाखव आणि काय म्हणाली ते कळव.