पाच पगारांची ‘फुकट’ तपासणी

एका वाचकाचा प्रश्न दोन ओळींचा आहे: ‘घरभर शुद्ध पाणी देणारं यंत्र घ्यायचं ठरवलंय. 24 महिन्यांच्या हप्त्यांवर घेऊ, की मुदत ठेव मोडू?’ पत्र मात्र चांगलं तीन पानी आहे, आणि खरी गोष्ट त्या पानांत आहे. इमारत जुनी, पाणी पालिकेचं, घरात पाच वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या 67 वर्षांच्या आई. कंपनीच्या प्रतिनिधीने घरी येऊन फुकट तपासणी केली आणि पाण्यात ‘विष’ असल्याचं दाखवलं.

ओळख उघड होऊ नये म्हणून तुमचा महिन्याचा पगार 100 धरतो. यंत्र 330 चं. त्यातले 30 बुकिंगला दिलेत, उरलेल्या 300 वर ‘फक्त 12 टक्के फ्लॅट’ व्याज. फ्लॅट म्हणजे मुद्दल निम्मं फिटलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच. दोन वर्षांत 372 जातील, म्हणजे खरा दर साडेएकवीसच्या घरात. तुमच्या ठेवीवर 7 टक्के मिळतात. पहिलं वर्ष सोडून चार वर्षांची देखभाल, दर वर्षी 25. एकूण 502. पाच पगार! हप्ता साडेपंधराचा आणि तुमची महिन्याची बचत 12. ठेव मोडणं हिशेबाने स्वस्त, पण अडीअडचणीसाठी तुमच्याकडे ती एकच पुंजी आहे. तेव्हा प्रश्नाचं उत्तर: दोन्ही नको. सोमवारी कर्जाच्या कागदांवर सही करू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पाण्याची तपासणी अजून झालेलीच नाही.

प्रतिनिधीने पेनासारखं मीटर बुडवलं, आकडा आला 280, म्हणजे लिटरमागे 280 मिलिग्रॅम. ते टीडीएस मीटर. पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगणं एवढंच त्याचं काम. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे निरुपद्रवी क्षारच बहुतेक असतात. जंतू त्याला दिसत नाहीत. शिसं किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात असलं तरी ते लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असतं, या आकड्यात ते कुठल्या कुठे बुडून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएसला आरोग्याच्या दृष्टीने मर्यादाच घातलेली नाही; चवीपुरतं बोलायचं तर 300 च्या आतलं पाणी उत्तम मानलं जातं. म्हणजे तुमचं पाणी त्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलंय आणि तुम्हाला नापास म्हणून सांगितलं गेलंय.

दुसरा खेळ पेल्यात दोन दांड्या बुडवून पाणी तपकिरी करण्याचा. तो गाळ लोखंडी दांडीचा असतो, पाण्याचा नव्हे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजतं. क्षार काढलेल्या पाण्यातून ती फारशी वाहत नाही, म्हणून त्यांचा पेला स्वच्छ राहतो. चिमूटभर मीठ टाकलं असतं तर त्यांचाही पेला तसाच झाला असता. ही जादू मी इतक्या पत्रांत वाचलीय की आता रागही येत नाही. येतो, थोडा येतो.

तुम्ही प्रयोगशाळेत चौकशी केली होतीत. तिथे 6 सांगितले आणि ‘घरी फुकट होतंय’ म्हणून तुम्ही सोडून दिलंत. यंत्र विकणाऱ्यालाच पाणी तपासायला सांगणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

ते 6 आता खर्च करा. त्याआधी पालिकेकडे त्यांचा पाणी तपासणी अहवाल मागा. तो त्यांच्या वाहिन्यांपुरता बोलतो. तुमच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल आणि जुन्या नळांबद्दल काही सांगत नाही, म्हणून घरचे नमुने हवेत. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणा. तिच्यात क्लोरीन मारणारं थोडं रसायन असतं, तेव्हा बाटली विसळू नका. थंड ठेवून लगेच पोचवा, चोवीस तासांच्या आत. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू) शून्यच हवा. शिशासाठी दोन नमुने: रात्रभर नळ बंद ठेवून सकाळचं पहिलं एक लिटर, आणि पाच मिनिटं पाणी सोडल्यावरचं दुसरं. मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. पहिल्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी आलं तर दोष बहुधा घरातल्या नळांचा, जोडाचा. शिवाय नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक बघायला सांगा.

गंमत इथे आहे. हे यंत्र बसणार घराच्या तोंडाशी. शिसं मिसळत असेल तर ते यंत्राच्या पुढच्या पाइपांत. शिवाय क्षार काढलेलं पाणी धातू जास्त झिजवतं आणि क्लोरीन गेल्यामुळे पाइपांत जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणजे पाच पगार देऊन तुम्ही दुखणं वाढवून घ्याल. टाकीत जंतू निघाले तर टाकी धुऊन निर्जंतुक करा. शिसं निघालं तर जोड बदला, नाहीतर पिण्याच्या एका नळाला शिशासाठी प्रमाणित फिल्टर लावा. नायट्रेट आलं तर त्याच एका नळाला छोटं आरओ (बारीक पडद्यातून क्षार गाळणारं यंत्र) पुरेल. आंघोळीचं पाणी गाळून कुणाचं भलं होणार आहे?

आणि शेवटच्या पानावरची एक ओळ, जी तुम्ही कंसात टाकलीत: या वर्षी आरोग्य विम्याचा 28 चा हप्ता भरला नाही, तेच पैसे बुकिंगला वापरले, कारण ‘शुद्ध पाण्याने आजारपणच कमी होईल’. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. पाण्याने मधुमेह जात नाही, पाय घसरून हाड मोडायचं थांबत नाही. मुदत उलटून नऊ दिवस झालेत. बहुतेक पॉलिसींत सवलतीचे काही दिवस असतात. कागद काढा, आजच फोन करा आणि ठेवीतून 28 काढून भरा. ते दिवस संपले तर नवी पॉलिसी, आणि आईंच्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा खर्च विमा देत नाही) पुन्हा पहिल्यापासून, तोही या वयात कुणी विमा दिला तर.

बुकिंगचे 30 लेखी मागा. नाही मिळाले तरी 472 वाचतात.

रिपोर्ट येईपर्यंत सकाळी नळ थोडा वेळ सोडून मग पाणी भरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला थंड नळाचंच वापरा. जंतूंची शंका असेल तर उकळा, पण शिसं उकळून जात नाही. रिपोर्ट आला की मला पाठवा, प्रतिनिधीला नको.