टर्बो बदलायच्या आधी प्लग काढून बघा

तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, दोन दारांची, सेकंडहँड, ६८,००० किमी झालेली. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, नाशिकमधल्या द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकून निघालात की परत निळा ढग, पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे डाग. आणि गॅरेजवाल्याने गाडी रॅम्पवर न घेताच सांगितलं, "टर्बो गेला, दीड लाख." जरा थांबा. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेलाही असेल, पण एवढ्या लक्षणांवर तो फार तर संशयित ठरतो.

हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय. माझ्या आधीच्या गाडीला हाच त्रास होता. एका गॅरेजने टर्बो बदलला. तीन आठवडे झकास. चौथ्या आठवड्यात गंगापूर रोडला एक रिक्षावाला बाजूला येऊन म्हणाला, "साहेब, गाडी धूर मारतेय." मग अंबडच्या एका मिस्त्रींनी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात खाली साठणारा गॅस बाहेर काढणारी झडप) काढून हातात दिला, आतून काळ्या डिंकासारख्या गाळाने बुजलेला. पार्ट काही हजारांचा. जुना टर्बो तोवर एक्स्चेंजमध्ये गेला होता, आणि तो बहुतेक धडधाकट होता.

टर्बोचं सील म्हणजे आपल्या ओळखीचं रबरी ऑइल सील नव्हे. शाफ्टवर पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक कडी असते, आणि तिच्या पलीकडच्या हवेच्या दाबावरच ऑइल अडून राहतं. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला ऑइल पंपाच्या प्रेशरने मिळतं, पण परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, येतं ते निव्वळ उताराने. इंजिनाच्या पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा गॅस प्रत्येक इंजिनात खाली उतरतोच, तो पीसीव्हीमधून इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे, परत जायला हवा. पीसीव्ही तुंबला की खाली दाब चढतो आणि टर्बोतलं ऑइल उतरेनासं होतं. गोदेला पूर आला की सराफ बाजारातल्या गटारींचं पाणी नदीत जायचं सोडून रस्त्यावर येतं ना, तसंच. मग ऑइल कड्या ओलांडून एक्झॉस्टमध्ये किंवा इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात शिरतं. त्याच दाबाने बाकीची सीलं आणि पॅकिंगंही पाझरायला लागतात. म्हणून धूर आणि डाग ही तुमची दोन दुखणी एकाच मुळाची असू शकतात.

आधी डिपस्टिक. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. सर्व्हिसिंगला अर्धा लिटर जास्त ओतलेलं मी दोनदा पाहिलंय, तेवढ्यानेही निळा धूर येऊ शकतो. लेव्हल बरोबर असेल तर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून धरा. मोजा किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुगायला लागला तर दाब आहे, म्हणजे पीसीव्ही तुंबलेला किंवा रिंगा गेलेल्या. उलट झाकणच निघता निघत नसेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. तो फाटला की इनटेक ऑइलची वाफ सरळ पिऊन टाकतं आणि निळा धूर तसाही येतोच.

त्यानंतर स्पार्क प्लग. गरम इंजिनाचे काढू नका, आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. चारपैकी एकच ओला काळा निघाला तर दोष त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा. चारही सारखेच तेलकट असतील तर ऑइल बहुतेक इनटेकमधून येतंय: पीसीव्ही, नाहीतर टर्बोची हवेकडची बाजू. पण चारही कोरडे, छान तपकिरी, आणि तरीही मागे निळा धूर? मग ऑइल सिलिंडरच्या पुढे, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूलाच मिसळतंय. तिथे गॅरेजवाल्याचं म्हणणं मला निम्मं पटेल. उरलेलं निम्मं मोज्यावर. प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्टही (सिलिंडर दाब धरतो का आणि हवा कुठून निसटते ते सांगणाऱ्या) तेव्हाच करून घ्या.

टर्बोची हवेकडची होज काढून आतल्या पंख्याला हात लावून बघता येतं. गाडी थंड असताना, अर्थातच. आडवा किंचित हालला तर घाबरू नका, ऑइलशिवाय तो तेवढा हालतोच. पुढे-मागे खेळ जाणवला, पाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पात्याला टवके असले तर टर्बो खरंच गेला. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका, तो बहुतेक टर्बो गाड्यांत असतो. वाटीभर ऑइल साठलेलं निघालं तर मात्र गोष्ट वेगळी.

पांढरा धूर तुम्हाला नाहीये, पण निफाडकडे तापमान पाच-सहावर उतरलं की सगळ्यांच्याच सायलेन्सरमधून वाफ निघते आणि लोक हेड खोलायला निघतात. वाफ गाडी तापल्यावर जाते. गोडसर वास येत राहिला आणि कूलंट कमी होत गेलं तरच हेड गॅस्केटचा विचार करा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. टर्बो गाडीत आधी होज कुठे फाटलीय का ते पाहायचं.

आता गळती. डाग चेंबरखाली पडतो म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलू नका. ऑइल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. अल्टरनेटर आणि कॉइल प्लास्टिकने झाकून इंजिन डीग्रीझरने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग साध्या टाल्कम पावडरची फुंकर मारा आणि त्र्यंबकला जाऊन या. माझ्या आताच्या गाडीत पांढऱ्या पावडरीवर एकच तपकिरी रेघ उठली होती, टर्बोच्या फीड पाइपच्या बोल्टखालून. तांब्याचा वायसर बदलला, काम संपलं. नेहमीच्या जागा म्हणजे टॅपेट कव्हर, फिल्टर हाउसिंग, टर्बोचे फीड आणि रिटर्न पाइप, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या मधलं मागचं क्रँक सील. या शेवटच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून पीसीव्ही नीट झाल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका, नवं सीलही गळेल. बोनेटखालून जळक्या ऑइलचा वास किंवा धूर येत असेल तर गाडी चालवूच नका. लाल झालेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइल पडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

रात्री गाडीखाली द्राक्षाच्या पेटीचा खोका उलगडून टाका आणि चाकं कुठे येतात त्याची खूण करा. सकाळी थेंब नेमका कशाखाली पडलाय ते कळतं.

शेवटी घाट, बोनेटखालून काही येत नसेल तरच. रविवारी सकाळी लवकर इगतपुरीहून कसारा उतरा, खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून. उतार संपल्यावर पाय देताच निळा ढग आला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. येताना चढावर, टर्बो भरलेला असताना सतत धूर येत राहिला तर रिंगांकडे संशय जातो. आणि दोन्हीकडे काही नाही, फक्त पाच मिनिटं आयडलवर ठेवून रेस दिल्यावरच आला, तर टर्बोची सीलं, व्हॉल्व्ह सील किंवा पीसीव्ही, जे प्लग आणि मोजा ठरवतील. मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत ड्रायव्हरशेजारी कुणालातरी मोबाईल धरून बसवा, आणि त्याला आधीच सांगा की व्हिडिओ घाटातल्या धुक्याचा नको, सायलेन्सरचा हवाय.