कोड मोकळा, नाव राखीव

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा कोड, दोन्ही नीट वाचले. परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना, असून बदल करून वाटण्याची मोकळीक दिलेली असताना तुझ्या बदललेल्या आवृत्तीला त्यांचेच नाव देण्यास मूळ प्रकल्पाने हरकत का घ्यावी, असे तू विचारतेस. मोकळीक आहे, पण ती कोडची. आपल्याकडे संगणक प्रोग्राम १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती म्हणून धरला जातो; नाव आणि बोधचिन्ह मात्र १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली येतात. मुक्त परवाना पहिल्या हक्काबद्दल उदार असतो, दुसऱ्याबद्दल बहुधा गप्प; अपाची २.० या दुसऱ्या एका मुक्त परवान्याच्या सहाव्या कलमात तर ट्रेडमार्कची परवानगी देत नसल्याचे स्पष्टच म्हटले आहे.

स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली डेबियन आणि फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला यांचा वाद तू बारकाईने अभ्यासावास. फायरफॉक्सचा कोड मुक्त होता, पण बोधचिन्हाचे चित्र मुक्त परवान्याखाली नव्हते, म्हणून डेबियनने ते वगळून नाव तेवढे ठेवले. २००६ मध्ये मोझिलाने कळवले की नाव वापरायचे तर बोधचिन्हही वापरावे लागेल आणि केलेले बदल आमच्याकडून मंजूर करून घ्यावे लागतील. डेबियनचे स्वयंसेवक तर स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतःच बसवत; त्यामुळे मंजुरीची अट त्यांना अडचणीची होती. शिवाय एकट्या डेबियनला मिळालेली सवलत त्यांच्या तत्त्वांत बसत नव्हती, कारण त्यांच्याकडून पुढे घेणाऱ्यालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत, असा त्यांचा नियम आहे. त्यांनी नाव सोडले, आणि एप्रिल २००७ मध्ये आलेल्या डेबियन ४.० मध्ये तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ म्हणून दिसला. फायरफॉक्स हे नाव परतले ते थेट २०१६ मध्ये.

मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात. कोणीही काहीही बदलून फायरफॉक्सच्याच नावाने वाटू लागले, तर वापरणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा, ही मोझिलाची काळजी रास्त होती. दुसऱ्याच्या नावापुढे माघार तिनेही घेतलेली आहे: हाच ब्राउझर आधी ‘फीनिक्स’ होता, मग ‘फायरबर्ड’ झाला, त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीपासून असल्याने तेही सोडावे लागले, आणि २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ ठरले.

तेव्हा तू नाव बदल, आणि पुरतेपणी बदल. खिडकीचा मथळा, आयकॉन, पॅकेजचे नाव आणि चुका कळवण्याचा पत्ताही बदलायला हवा. तुझ्या बदलांमुळे आलेल्या तक्रारी मूळ लेखकांच्या दारात जाऊ नयेत.

पण नावापेक्षा मला खरोखर खटकली ती दुसरीच गोष्ट. तुझ्या तीन फाइलींच्या माथ्यावरची मूळ लेखकांची कॉपीराइटची ओळ गेली आहे आणि तिथे एकटे तुझे नाव आहे. तुझ्या मनात खोट नाही, हे मी जाणतो. तरीही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा सूचना जशाच्या तशा ठेवण्याची आणि बदललेल्या फाइलीत कोणी, केव्हा बदल केला हे ठळकपणे नोंदवण्याची अट आहे. ती मोडली तर परवानाच संपुष्टात येतो. त्या ओळी आज परत बसव, त्यांच्या खाली तुझे नाव आणि तारीख लिही, आणि मगच मूळ प्रकल्पाला उत्तर पाठव. उत्तराचा मसुदा आधी मला दाखवलास तर बरे होईल.

तुझा,
शिक्षक