कवडी ही खरंच गोगलगाय आहे का? मग तिच्या शंखाला पीळ का दिसत नाही?

हो, गोगलगायच. पैसा म्हणून चालायची ती पिवळसर कवडी म्हणजे मोनेटारिया मोनेटा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये तिला ‘मोनेटा’ नाव दिलं तेच नाण्यावरून. हिंद आणि प्रशांत महासागराच्या उष्ण, उथळ पाण्यात, प्रवाळांच्या आसपास ती राहते आणि शेवाळ खाते. लांबी साधारण 2 ते 3 सेंटिमीटर.

पीळ असतो, पण आत झाकलेला. पिल्लू असताना शंख पातळ असतो आणि तोंड चांगलं उघडं. वयात येताना कडेचा ओठ आत वळतो, त्यावर दात येतात आणि तोंडाची नुसती फट उरते. शेवटचा वेढा आधीचे सगळे वेढे पोटात घेतो. त्यानंतर शंख लांबीला वाढत नाही, जाड होत जातो. पाठीवरचे कोपऱ्यांसारखे उंचवटे त्यातूनच येतात.

चकाकीचं म्हणाल तर ती पॉलिश नव्हे! जिवंत कवडीच्या अंगाचे दोन पातळ पदर फटीतून बाहेर येऊन शंखावर दोन्ही बाजूंनी चढतात, अगदी शाल पांघरावी तसे. तेच वर नवा थर देतात, त्यामुळे शंखावर काही उगवतही नाही. किनाऱ्यावर पडून झिजलेली कवडी म्हणूनच मळकट दिसते.

आणि हो, ‘कवडीमोल’ शब्दावर जाऊ नका. मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून बंगालला आणि पुढे पश्चिम आफ्रिकेपर्यंत जात. एकेक कवडी क्षुल्लक, पण व्यवहार हजारोंनी मोजून व्हायचे.