८के टीव्ही लोक स्वीकारतील, की त्याचंही थ्रीडीसारखंच होईल?

नाही स्वीकारणार, निदान हॉलमधल्या टीव्हीसाठी तरी नाही. ८के म्हणजे ४केच्या चौपट आणि फुल एचडीच्या सोळापट ठिपके (पिक्सेल). आणि 'आपल्या गिऱ्हाइकाला तंत्रज्ञान कळत नाही' हे जे शोरूमपासून कंपनीपर्यंत सगळे म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. थ्रीडीच्या वेळीही हेच म्हणत होते.

थ्रीडी कशाने गेला? २०१० साली आलेल्या बऱ्याच संचांना ॲक्टिव्ह शटर चष्मा लागायचा. त्याच्या काचा म्हणजे एलसीडीच्या झडपा. एक मिटली की दुसरी उघडते, प्रत्येक डोळ्याला सेकंदाला ६० वेळा. अर्धा वेळ डोळा झाकलेला, त्यात काचेतला पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारा थर) उरलेल्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश खातो. चित्र काळवंडतं. आपल्याकडे आणखी एक गोची होती. साध्या चोकची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एरवी ते जाणवत नाही, पण ६० हर्ट्झच्या झडपेतून पाहिलं की दोन्ही लयींचा मेळ बसत नाही आणि २० हर्ट्झची फडफड दिसू लागते. टीव्हीमागची भिंत, त्यावरचं कॅलेंडर, सगळं थरथरतं. उपाय काय, तर ट्यूब बंद करा! घरात पाच माणसं, म्हणजे चार्ज केलेले पाच चष्मे, तेही त्याच कंपनीचे. झडपा नसलेला पॅसिव्ह चष्मा स्वस्त होता, पण फुल एचडीच्या १०८० ओळींतल्या एका डोळ्याला ५४०च मिळायच्या. २०१३मध्ये ईएसपीएनने थ्रीडी वाहिनी बंद केली, २०१७पर्यंत मोठ्या कंपन्यांनीही अंग काढून घेतलं. लोकांचा हिशोब बरोबर होता.

८केचा हिशोब तर टेपने करता येतो. चांगली नजर साधारण एक आर्कमिनिटापर्यंतचा (अंशाचा साठावा भाग) तपशील सुटा पाहते. त्यावरून, टीव्हीच्या इंचांना फुल एचडीसाठी ४ने, ४केसाठी २ने, ८केसाठी १ने गुणा. येईल तितक्या सेंटिमीटरच्या पलीकडे बसलात, तर त्याहून जास्त पिक्सेल वाया. ५५ इंची ८केचा पुरेपूर फायदा हवा, तर ५५ सेंटिमीटरवर बसावं लागेल. सोफा आठ फुटांवर, म्हणजे २४० सेंटिमीटरवर असेल, तर फुल एचडीचेही ठिपके दिसत नाहीत. शिवाय पिक्सेल जितके बारीक, तितका पॅनलमधून प्रकाश कमी येतो, म्हणून बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) जोरात लावावा लागतो आणि वीज जास्त जाते. आणि ८केवर दाखवायला कार्यक्रम कुठे आहेत? जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ला ८के वाहिनी सुरू केली. आपल्या डीटीएचवर अजून कितीतरी चॅनल एसडीच (एचडीपेक्षा कमी ठिपक्यांचे) आहेत.

१९८२मध्ये रंग आला तेव्हा कोणाला समजावावं लागलं नाही. जुन्या कृष्णधवल संचावरही तेच प्रक्षेपण दिसत होतं, आणि रंगीत संच दारातून पाहिला तरी फरक कळायचा.

पैसे खर्च करायचेच असतील तर ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) घ्या, किंवा खरं लोकल डिमिंग (चित्राच्या अंधाऱ्या भागामागचा दिवा तेवढाच मंद करणं) असलेला ४के संच. खोक्यावर नुसतं 'एचडीआर' (उजळ आणि गडद यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र) छापलेलं पाहून भुलू नका. ३०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पॅनलवर एचडीआर नावापुरतंच असतं. हां, टेबलावर मॉनिटर म्हणून वापरणार असाल किंवा ८५ इंचीसमोर चार फुटांवर बसणार असाल, तर ८केला अर्थ आहे. मात्र ६० फ्रेम्सचं ८के चालवायचं तर एचडीएमआय २.१ची ४८ जीबीपीएसवाली (सेकंदाला ४८ गिगाबिट नेणारी) केबल घ्या. जुनी १८वाली पुरत नाही.

दुकानात डेमोचा व्हिडिओ बंद करायला सांगा आणि घरी रोज बघता तोच एसडी बातम्यांचा चॅनल लावून घ्या.