आईसाठी दुभाषी मागा, तुम्ही बरोबर असलात तरी

तुम्ही लिहिलंय की आईला धडधडतं म्हणून हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. फॉर्मवर ‘दुभाषी हवा का’ असा रकाना आहे आणि तुमचं इंग्रजी चांगलं असल्यामुळे तुम्ही ‘नको’वर खूण करणार आहात. शिवाय ऑफिसातला सहकारी म्हणाला, अमेरिकेत यायचं तर इंग्रजी शिकून यावं, हॉस्पिटलने हा खर्च का सोसायचा? आणि ते तुम्हालाही थोडंफार पटलंय.

ती खूण बदला. मी न्यू जर्सीत अकरा वर्षं फोनवरून मराठी-हिंदीची वैद्यकीय दुभाषी म्हणून काम करते. माझं पोट यावर चालतं, तेवढं वजा करून वाचा हवं तर.

सहकाऱ्याचं आधी उरकते. हॉस्पिटल हे मोठ्या मनाने करत नाही, त्याला ते करावं लागतं. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेला राष्ट्रीय मूळ पाहून कुणाला डावलता येत नाही, आणि मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्यांचा पैसा न घेणारं हॉस्पिटल शोधूनच काढावं लागेल. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाषेची अडचण या कायद्याखाली आणली. २०१०च्या आरोग्य कायद्यातल्या १५५७व्या कलमाने तेच दवाखान्यांना नेमकेपणाने लागू केलं. मार्च २०२५मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा आदेश निघाला आणि भाषासेवेबद्दलचा २०००चा जुना आदेश रद्द झाला, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की संपलं आता सगळं. पण राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने काँग्रेसने केलेले कायदे पुसले जात नाहीत. आई पर्यटक व्हिसावर असली तरी बंधन हॉस्पिटलवर आहे. तुम्हाला एक पैसा पडत नाही.

आणि ‘शिकून यावं’ म्हणणाऱ्याला विचारा, सत्तर वर्षांची बाई चार महिन्यांसाठी नातवंडं बघायला येते, तिने व्याकरणापासून सुरुवात करायची का?

आता खरा मुद्दा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. मला शंका तुमच्या मराठीबद्दल आहे. राग मानू नका. आजाराची मराठी ही वेगळीच भाषा आहे आणि त्यातही बायकांची आणखी वेगळी. नुसता ‘अंग’ हा शब्द घ्या. अंगात कसकस आहे म्हणजे बारीक ताप. दुखणं अंगावर काढलं म्हणजे औषध न घेता सोसलं. बाळाला अंगावर पाजते म्हणजे स्तनपान. अंगावरून जातंय म्हणजे योनीतून रक्तस्राव, आणि पांढरं जातंय म्हणाली तर स्राव. अंग बाहेर येतं म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय. यातलं शेवटचं कुठल्या मुलाला कळेल? कळलं तरी तो डॉक्टरसमोर ते उच्चारेल का? आणि मुळात आई त्याच्यासमोर बोलेल का?

‘पित्त’ही तसंच. पित्त झालं म्हणजे आंबट ढेकर, जळजळ, उलटी. पित्त उठलं म्हणजे अंगावर गांधी. शब्दकोशात मात्र पित्त म्हणजे यकृतातला पाचकरस. एकाच शब्दाचे तीन रस्ते, आणि तिन्हींची औषधं वेगळी. छातीतल्या दुखण्याला आपल्याकडे निम्मे लोक ‘गॅस झालाय’ म्हणतात. तुमच्या आईच्या बाबतीत तर हे लक्षात ठेवाच. ‘गॅस’ एवढंच डॉक्टरच्या कानावर गेलं तर तो पोटाचा विचार करणार. दुभाषी तिथे थांबून विचारते, म्हणजे नेमकं कुठे आणि कसं दुखतं? (आपलं ‘लूज मोशन’सुद्धा इथल्या नर्सला कळत नाही, बरं का. तेव्हा इंग्रजी येतं म्हणून सुटलो असंही नाही.)

कामातले किस्से मला सांगता येत नाहीत, गुप्ततेची अट असते. म्हणून घरचा सांगते, सासूबाईंच्या परवानगीने. त्या सांगलीहून आल्या होत्या. दोन महिन्यांत दोनदा लघवीचा संसर्ग झाला. दोन्ही वेळा माझा नवरा बरोबर गेला, कारण माझी शिफ्ट होती. डॉक्टरने विचारलं, स्त्रीरोगाची काही तक्रार? नवऱ्याने भाषांतर केलं, ‘आई, बाकी काही त्रास नाही ना?’ त्या म्हणाल्या, ‘नाही रे.’ अँटिबायोटिक घेऊन परत. तिसऱ्यांदा जळजळ सुरू झाली तेव्हा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, ‘अंग बाहेर येतं गं, चार वर्षं झाली. बसल्यावर मोकळी लघवी होत नाही.’

चार वर्षं! मूत्राशय पूर्ण रिकामं होत नव्हतं म्हणून संसर्ग फिरून फिरून येत होता. नवऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याने मुलाला जमेल तसा प्रश्न विचारला आणि आईने मुलाला सांगता येईल तेवढंच सांगितलं. पुढच्या खेपेला मी स्वतः बोलायला बसले नाही, कारण सून म्हणून मीही कापून-छाटून सांगितलं असतं. फोनवरून दुभाषी बाई घेतली, नवरा बाहेर बसला. डॉक्टरांनी तपासून आधाराची रिंग बसवली.

दुसऱ्या बाजूनेही हेच होतं. डॉक्टर ‘गाठ कर्करोगाची असू शकते’ म्हणतो आणि मुलगा आईला सांगतो, ‘थोडी सूज आहे.’ माया असते त्यात. पण मग संमतिपत्रावर आईने सही केली ती कशाला केली? म्हणून त्या १५५७व्या कलमाच्या नियमांत लहान मुलांना दुभाषी करायला बंदी आहे; जीव धोक्यात आहे आणि दुसरं कुणी मिळेपर्यंत, एवढीच सूट. मोठ्या नातेवाइकाने बोलावं असं रुग्णालाच वाटत असेल तर २०२४च्या नियमाप्रमाणे ते त्याने खाजगीत, दुभाष्यासमोर सांगायचं असतं. म्हणजे ‘नको’ ही खूण खरं तर तुमची नाहीच, आईची आहे.

हे न केल्याने काय होतं याचं उदाहरण इथल्या प्रशिक्षणात हमखास सांगतात. १९८०, फ्लोरिडा. १८ वर्षांच्या बेशुद्ध मुलाला घरच्यांनी आणलं आणि ‘इन्टॉक्सिकादो’ असा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांना म्हणायचं होतं, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलंय. ऐकणाऱ्याने अमली पदार्थांची नशा असं धरलं. मेंदूतला रक्तस्राव कळेपर्यंत उशीर झाला आणि तो मुलगा चारही हातापायांनी लुळा झाला. तडजोडीची रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर. दुभाषी कुणी मागितलाच नव्हता, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की कळलंय. सहकाऱ्याला खर्चाचा हिशेब हवा असेल तर हाच द्या.

आता माझ्या धंद्याची उणी बाजू. मराठीसाठी स्पॅनिशसारखा माणूस समोर उभा राहील ही आशा सोडा. स्टँडवरचा टॅबलेट येईल, नाहीतर नुसता फोन. कधी वीस मिनिटं थांबावं लागतं. मराठीची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षाच नाही. आम्ही इंग्रजीतली सामाईक परीक्षा देतो. त्यामुळे सगळ्यांची मराठी सारखी नसते, काहींची पुण्याबाहेर पडलेलीच नसते. दुभाषी चुकतेय असं वाटलं तर तिथेच सांगा. तुम्ही खोलीत बसून ऐकू शकता, आईची हरकत नसेल तर. मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपवर मात्र भिस्त ठेवू नका. महत्त्वाचा मजकूर यंत्राने भाषांतरित केला तर तो पात्र माणसाने तपासावा असं नियमच म्हणतो.

आणि आपल्याकडे काय आहे, असं कुणी विचारायच्या आत सांगते: फारसं काही नाही. मावशी किंवा शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक ते काम करतो. हेमलकशाला डॉक्टर प्रकाश आमटे स्वतः माडिया शिकले, पण ती एका माणसाची जिद्द झाली.

तर, वेळ ठरवतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘इंडियन’ म्हणालात तर हिंदीवाला जोडून देतील आणि आई संकोचाने हिंदीत उत्तरं देत बसेल. बाई दुभाषी हवी असेल तर तेही आधीच सांगा. आईला समजावा की पलीकडची बाई ऐकलेलं कुणाला सांगणार नाही, आणि खोलीत बोललेला शब्द न् शब्द ती डॉक्टरला सांगणार. हे दुसरं आम्ही सांगायचं विसरलो होतो. सासूबाईंनी फोन लागल्या लागल्या पहिला प्रश्न केला, ‘तुम्ही कुठल्या हो?’ दुभाषी बाईने नियमाप्रमाणे तो डॉक्टरांना इंग्रजीत ऐकवला. डॉक्टरांनी मान वर करून सांगितलं, ‘ओहायोची.’