.४१ मॅग्नमची काडतुसं घरी भरणं: परवडतं का, धोका किती, आणि आपल्याकडे चालतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: टेक्सासातले दाजी .४१ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतात (.४१ हे इंचातलं माप, मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस). ते परवडतं का, त्यात जिवाला धोका किती, आणि जालन्यात वडिलांच्या परवान्यावर जे .३२ रिव्हॉल्व्हर आहे त्याच्यासाठी तसंच यंत्र मागवता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे दोन हौसेचे आहेत आणि हा कोर्टकचेरीचा आहे. मागवू नका. वडिलांचा परवाना शस्त्र आणि काडतुसं बाळगण्याचा आहे, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खालचा. काडतुसं बनवणं कलम ५ मध्ये येतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो. त्या कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्याही एकदा वाचा, तिच्यात सुटे भाग आणि बनवायची यंत्रसामग्री दोन्ही धरलेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. "स्वतःपुरतंच भरत होतो साहेब" हे ठाण्यात सांगून बघायची गोष्ट नाही, मराठवाड्यातलं सध्याचं वातावरण बघता तर अजिबात नाही. बीडच्या शस्त्रपरवान्यांवरून एवढा गदारोळ झाल्यापासून आपल्याकडे परवान्याच्या फायली बारकाईने उघडल्या जातात.

आता दाजींचं. मी मूळचा टूलरूमचा माणूस. वाळूजला प्रेस टूल आणि डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवण्यात उमेदीची वर्षं गेली, मग बराच काळ ओहायोत होतो, आता परत छत्रपती संभाजीनगरात आहे. तिकडे शेजारी एक निवृत्त मशीनिस्ट होता, त्यालाही .४१ चंच वेड. त्याच्या बाकावर बसून मी हे शिकलो. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची म्हटली की लागतो. फक्त दाजी ग्रीन कार्डवर आहेत की व्हिसावर, एवढं विचारून घ्या. एच-१बी सारख्या व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूक काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. अपवाद आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा. आपली बरीच पोरं हे न विचारताच मित्रांबरोबर रेंजवर जातात.

.४१ मॅग्नम आलं १९६४ साली. .३५७ मॅग्नम १९३५ पासून होतं, .४४ मॅग्नम १९५५ चं. एक पोलिसांना हलकं वाटायचं, दुसरं हातात मावेना. म्हणून एल्मर कीथ, बिल जॉर्डन, स्कीटर स्केल्टन या त्या काळच्या नावाजलेल्या नेमबाज-लेखक मंडळींनी मधलं काहीतरी काढा असा आग्रह धरला. स्मिथ अँड वेसनने मॉडेल ५७ आणि पोलिसांसाठी साधं मॉडेल ५८ काढलं, रेमिंग्टनने काडतूस. सॅन अँटोनियोसारख्या काही शहरांच्या पोलिसांनी ते घेतलंही, पण वजन आणि झटका दोन्हींची तक्रार आली आणि मधलं पोर मागेच राहिलं. माझ्या मते तिघांत सगळ्यात समजूतदार काडतूस हेच, पण बाजार माझ्या मतावर चालत नाही. (आपल्याकडे .४१० म्हटलं की जुन्या पोलिसांना मस्कट बंदूक आठवते. तिचा याच्याशी काही संबंध नाही. .४१० ची शॉटगनची काडतुसंही याच्यात चालत नाहीत.)

मागणी कमी म्हणून कारखाने हे अधूनमधून बनवतात, आणि दुकानात मिळालं तर एका काडतुसाला डॉलर किंवा त्याहून जास्त पडतो. ९ मिमीचं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात येतं. म्हणून ९ मिमी घरी भरणारा फारसं वाचवत नाही, .४१ वाला चांगलंच वाचवतो. कारण सगळं पुंगळीत आहे. काडतुसाचे चार भाग: पुंगळी (पितळी कवच), प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी), दारू आणि पुढची बुलेट. तीन भाग एकदाच जातात, पुंगळी परत येते. शिवाय रिव्हॉल्व्हर ती फेकून देत नाही, सिलिंडर (काडतुसं बसतात ते फिरतं चाक) उघडून सगळ्या हातात घेता येतात. पिस्तूलवाले गवतात वाकून शोधत बसतात.

पण या पैशांच्या हिशेबात एक ग्यानबाची मेख आहे. स्वस्त पडतं म्हणून दाजी दुप्पट गोळ्या झाडतील, आणि वर्षाचा खर्च तेवढाच राहील. मी तरी याला अपवाद पाहिला नाही. आणि २०२०-२१ मध्ये तिकडे प्रायमरच मिळेनासे झाले, तेव्हा पुंगळ्यांची पोती भरून असलेलेही हात चोळत बसले होते.

पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. वाळूजच्या कुठल्याही डीप ड्रॉवाल्याला विचारा, या मिश्रधातूला कार्ट्रिज ब्रासच म्हणतात. बार झाला की ती फुगून चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या तिच्या भोकाच्या, भिंतीला चिकटते, मग थोडी आक्रसते म्हणून बाहेर निघते. ती पुन्हा मापावर आणायची तर हातप्रेसमध्ये पहिल्या डायमधून दाबायची. त्याच दाबात जुना प्रायमरही खाली पडतो. डायच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडची रिंग असते, त्यामुळे सरळ भिंतीच्या पुंगळीला तेल लागत नाही. मग नवा प्रायमर, मग दुसऱ्या डायचा पंच तोंड किंचित उमलवतो, मग दारू, मग बुलेट बसवून तोंड आत वळवायचं, म्हणजे क्रिम्प. दर वेळी उमलवणं आणि वळवणं चालू राहिलं की पितळ कडक होत जातं आणि एक दिवस तोंडाशी केसासारखी चीर दिसते. अशी पुंगळी तिथल्या तिथे पक्कडीने चिमटून भंगारात टाकायची, नाहीतर ती फिरून डब्यात येतेच. पन्नासांतली एक चिरलेली कान देऊन ओळखता येते. मूठभर पुंगळ्या तळहातावर खुळखुळवल्या की चांगल्या किणकिणतात, चिरलेली बद्द वाजते.

दारूचं माप ग्रेनमध्ये असतं. सोनाराकडचा जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे .४१ ची नेहमीची २१० ग्रेनची बुलेट तोळ्याहून थोडी जास्त भरते. दारू मात्र ग्रेनच्या दशांशापर्यंत मोजायची, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. किती ग्रेन कुठली दारू, हे मी इथे लिहिणार नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्यायचं, माझ्यासारख्या अनोळखी माणसाच्या उत्तरातून नाही.

धोका प्रेसमध्ये नाही, या मापात आहे. या काडतुसाची कमाल दाबमर्यादा ३६,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. तुमच्या गाडीच्या टायरात ३२ असतात. जलद जळणाऱ्या दारूचा डोस पुंगळीची निम्मीसुद्धा जागा घेत नाही, म्हणून लक्ष उडून तो दोनदा पडला तरी आत मावतो, वरून बुलेट बसते, आणि बाहेरून काडतूस अगदी शहाण्यासारखं दिसतं. मग सिलिंडर फुटतो. ओहायोतला तो शेजारी म्हातारा याला एकच उपाय करायचा. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या, सगळ्यांत दारू पडली की टॉर्च तिरका धरून प्रत्येकीत बघायचं, आणि बुलेटला हात त्यानंतर. तेव्हा रेडिओ बंद, फोन घरात, आणि बाकावर दारूचा एकच डबा. दुसरा डबा उघडा दिसला तर तो मला काम थांबवायला लावायचा.

उलटं, कमी भरलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. एच-११० सारखी हळू जळणारी मॅग्नमची दारू मनाने कमी करू नका असं बनवणारेच बजावतात. ती नीट पेटत नाही आणि बुलेट नळीतच अडकून बसते. मागून दुसरा बार झाला की नळी जाते.

क्रिम्पचं महत्त्व नवख्यांना कळत नाही. रिव्हॉल्व्हर झटका देऊन मागे येतं तेव्हा बाकीच्या काडतुसांतल्या बुलेट जागेवरच राहायला बघतात, म्हणजे पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही. हलक्या काडतुसात हे चालून जातं, मॅग्नममध्ये नाही. बाकी शिशाचं म्हणाल तर बाकावर खाणं-पिणं नको, उठताना हात साबणाने धुवा, लेकरांना खोलीत येऊ देऊ नका.

तुमच्या .३२ ला यातलं काहीच लागत नाही. त्याचं काडतूस, म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १५,००० पीएसआयच्या आतलं आहे आणि इथेच बनतं, परवान्यावर दुकानात मिळतं. दाजी कदाचित म्हणतील की .३२ चंही मॅग्नम निघालंय. खरं आहे, १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नम म्हणजे हेच काडतूस लांब केलेलं, ०.९२० इंचाचं १.०७५ इंच. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तुमचं काडतूस चालतं, तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम नाही.

कपाटात वडिलांची जुनी काडतुसं असतील तर बघून घ्या. हिरवा गंज चढलेली, तोंड सैल झालेली असतील तर ती उघडायला किंवा घासायला जाऊ नका, परवानाधारक डीलरकडे किंवा ठाण्यात नोंद करून जमा करा. रेंजवर घोडा पडून बार झाला नाही तर नळी निशाण्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबा, उशिरा पेटतं कधीकधी. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरा बार न करता आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळी तपासा.

एक राहिलं. दाजी दिवाळीला येताना भेट म्हणून दोन-चार पुंगळ्या किंवा बुलेटचं कीचेन आणतील. नको म्हणून आजच कळवा. मुंबईचा विमानतळ असो की चिकलठाण्याचा, स्कॅनरला ते काडतूसच दिसतं, आणि पुढे सुटका झाली तरी त्या दिवशी विमान चुकतं, गुन्हा नोंदवला जातो आणि वकील शोधावा लागतो.